जब्बारभाईचं काज

डोणगावात मेहकर रोडला, टिनाच्या शेडमध्ये ‘न्यू डायमंड सीट कव्हर’ हे दुकान आहे. पाटीवर हिरा काढलेला आहे. तसाच एक हिरा, शेंगदाण्याएवढा, जब्बारभाई आपल्या प्रत्येक कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्यानं काढतात. गिऱ्हाइकाला तो दिसतही नाही. पण वाशिमकडच्या मालेगावपासून जालन्यापर्यंत कुठंही गाडी उभी असली, की जब्बारभाई काचेतून आत डोकावून आपला हिरा शोधतात. सापडला की ओळखीचा माणूस भेटल्यासारखे खुशीत पुढं जातात.

त्यांचे अब्बा पिंजारी होते. खांद्यावर पिंजण टाकून खेडोपाडी फिरायचे, कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. पुढं बाजारात फोम आला आणि पिंजणाची तार मुकी झाली. वीस वर्षांचे जब्बारभाई मग अकोल्याला एका सीटवाल्याकडे जाऊन राहिले. रेग्झिन कापायला, फोम बसवायला, पायपिंग लावायला तिथं शिकले. अब्बांकडून त्यांनी एकच गोष्ट उचलली होती, ती म्हणजे पक्की शिवण. अब्बा म्हणायचे, गादीतला कापूस बसला तर कापसाचा दोष, शिवण उसवली तर आपला.

आज जब्बारभाई छपन्न वर्षांचे आहेत. त्यांची शिवण उसवल्याची तक्रार घेऊन कोणी आलं, असं त्यांना आठवत नाही.

आणि त्यांची दुसरी ख्याती म्हणजे मागची सीट. गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्यांची बक्कलं वर आलेली असतात. बसणाऱ्याला ती टोचतात. कोणी आडवं झालं तर बरगडीत रुततात. म्हणून गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, “चाचा, हे बक्कलं दाबून टाका ना खाली.” जब्बारभाई ती बक्कलं सीटच्या फटीतून खाली सारायचे, पट्टे पाठीमागं कोंबायचे आणि वरून एकसंध कव्हर ओढून घ्यायचे. कुठं चीर नाही, भोक नाही, सुरकुती नाही. मागची सीट दिवाणासारखी सपाट. पुढच्या सीटला पट्टा लावला नाही की गाडी टिटि करते, तर तिच्यासाठी बक्कलात अडकवायची एक खोटी चकती ते कव्हरसोबत भेट द्यायचे. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. पंधरा-सोळा वर्षांत अशा चारशेच्या वर गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. त्यात वाईट काही आहे, असं कधी कोणाच्या मनात आलं नाही. जब्बारभाईंच्याही नाही.

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी माणिकराव गाडी घेऊन दुकानासमोर आले. माणिकराव म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मेहकर डेपोत एकोणतीस वर्षं काढली आणि एकदाही कोणाला खरचटूही दिलं नाही. त्याचं प्रमाणपत्र त्यांच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली टांगलेलं आहे. त्यांचा मुलगा नागसेन पुण्यात गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्यानं एक जुनी, दुसऱ्याची वापरलेली गाडी घेतली होती आणि पुण्यात उभी करायला जागा नाही म्हणून वडिलांकडं आणून ठेवली होती. राखाडी रंगाची, जमिनीला टेकलेली लांब गाडी.

“जयभीम, जब्बार.”

“जयभीम, दादा. हे कोणती गाडी म्हणायची?”

“व्होल्वो.”

“अन् बस कोठी हाये मंग?”

“हेच तुह्या तोंडून आयकायचं राह्यलं होतं,” माणिकराव हसले. “साऱ्या डोणगावानं इचारलं. तो पानवाला तं म्हणे, पुण्याचं एक तिकीट द्या.”

आपल्याकडं व्होल्वो म्हणजे एसीची ट्रॅव्हल्स. तिच्याच नावाची कारही असते, हे जब्बारभाईंनाही ठाऊक नव्हतं. ते गाडीभोवती फिरले. समोरच्या जाळीवर एक तिरपी पट्टी होती, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलेली.

“दादा, गाडीनं सोताच पट्टा लावला का काय?”

“तसंच दिसते खरं. आता काम आयक. चामड्याची सीट हाये. उन्हात उभी केली की तव्यावर बसल्यासारखं होते. जाळीच्या कापडाचं कव्हर कर, हवा खेळली पाह्यजे. अन् मागून तुहा दिवाण.”

जब्बारभाईंनी दिवसभरात मापं घेतली, कापड कापलं. पुढच्या सीटच्या पाठीला, दरवाज्याच्या बाजूनं, एक छोटीशी इंग्रजी पट्टी शिवलेली होती. अशी पट्टी त्यांनी नव्या गाड्यांत आधीही पाहिली होती आणि दर वेळी कव्हराखाली झाकली होती. गाडी भारी, म्हणून त्यांनी या कव्हराला डबल शिवण घातली आणि कोपऱ्यात हिरा काढला.

रविवारी दुपारी ते कव्हर चढवायला बसणार, तेवढ्यात नागसेन आला. सुट्टीला गावी आला होता. लहानपणी याच दुकानातून तो पतंगाला दोरा न्यायचा.

“चाचा, थांबा. हे नका चढवू.”

“काऊन बाबू? कापड पसंत नाही?”

“कापड एक नंबर हाये. इकडं या. या शिवणीवरून बोट फिरवा.”

त्यानं ती इंग्रजी पट्टी असलेली कड दाखवली. जब्बारभाईंनी डोळे मिटून बोट फिरवलं. शिवण ते डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त पाहतात. त्यांचं तोंड वाकडं झालं.

“कच्ची हाये. धागा बारीक. एवढ्या मोठ्या गाडीत असं काम?”

“मुद्दाम कच्ची ठेवली. आत फुगा हाये, घडी करून. बाजूनं टक्कर झाली की तो फुगते अन् ही शिवण फाडून बाहेर येते, दरवाजा अन् माणसाच्या बरगड्याच्या मधात. पापणी लवायच्या आत.”

जब्बारभाईंनी बोट तिथंच ठेवलं. “म्हणजे हे फाटण्यासाठीच शिवली?”

“हाव. अन् वरून तुमचं डबल शिवणीचं कव्हर बसलं, तं फुगा आतल्या आतच राहीन.”

छत्तीस वर्षांत ज्या माणसानं एक टाका ढिला पडू दिला नव्हता, त्याला आज समजत होतं की जगात कुठंतरी कोणीतरी बसून, विचार करून, किती ताणाला शिवण फाटली पाहिजे याचं माप काढलं आहे. जब्बारभाईंना राग आला नाही. त्यांना त्या न पाहिलेल्या शिंप्याबद्दल एक प्रकारचा आदर वाटला. त्यांनी चहा सांगितला.

“कुठची हाये ही कंपनी?”

नागसेनला एवढंच हवं होतं. तो स्टुलावर बसला. “स्वीडन नावाचा थंडीचा देश हाये, चाचा. रस्त्यावर बर्फ. तिथं बेअरिंग बनवणाऱ्या एका कंपनीनं शंभरएक वर्षांमागं हे नाव घेतलं. जुन्या लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘मी फिरतो’. बेअरिंगलेच शोभते ते. पहिली कार निघाली सत्तावीस साली. अन् म्हणतात, पहिल्यांदा कारखान्यातून काढाले गेले, गिअर टाकला पुढचा, तं गाडी गेली मागं!”

“काऊन?”

“मागच्या एक्सलमधला गिअर उलटा बसवला होता कोणीतरी. परत उघडली, सीधा बसवला, मंग निघाली.”

जब्बारभाई खळखळून हसले. “म्हणजे तिथंबी आपल्यासारखेच लोक हायेत.”

“हाव. पण त्यांनी सुरुवातीपासून एक गोष्ट धरली. गाडी माणसं चालवतात, म्हणून आधी माणूस वाचला पाह्यजे. आधी गाड्यांत पट्टा असला तं नुसता पोटावर असायचा. टक्करीत तोच पोटात घुसायचा. मंग त्यांनी एक इंजिनिअर आणला. तो आधी लढाऊ विमानाच्या खुर्च्या बनवायचा. त्यानं एकोणसाठ साली हा पट्टा काढला, खांद्यावरून छातीवर, अन् खाली कमरेवर. एका हातानं लावता येते. अन् खरी गोष्ट पुढं हाये. पट्ट्याचा हक्क त्यांच्याजवळ होता, पण कंपनीनं साऱ्या जगाले सांगतलं, घ्या, तुमच्या गाडीत लावा.”

“साऱ्याइले?”

“साऱ्याइले. तुमच्या दुकानात ज्या गाड्या येतात, कोणत्याबी कंपनीच्या, त्यात त्याचाच पट्टा असते. आपण पुढचा लावत नाही अन् मागचा दाबून टाकतो.”

नागसेन सहज बोलून गेला. चाचांना लागेल असं त्याच्या ध्यानातही आलं नाही. जब्बारभाईंनी कपातला चहा फिरवला.

“गिऱ्हाईकच म्हणते दाबा. मागच्याले काय होते? पुढं सीट असते आडवी.”

“मागचा माणूस टक्करीत उडून पुढच्या सीटवर आदळते, चाचा. पुढचाही मरते त्याच्या वजनानं.”

जब्बारभाईंनी चहाचा घोट घेतला. मग हळूच विचारलं, “बाबू, पोटुशी बाई असली तं? तिनं तं पट्टा लावूच नये ना?”

“लावावाच. खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांवरून. वरचा छातीच्या मधून. याच कंपनीनं त्यासाठी कॉम्प्युटरात एक गरोदर बाई बनवली होती, बाळासकट, टक्करीत काय होते ते पाह्याले.”

जब्बारभाईंनी कप खाली ठेवला. त्यांची एकुलती एक मुलगी मदिहा जालन्याला दिली होती. जावई सकलैन तिथल्या स्टीलच्या कारखान्यात होता. मदिहाला सातवा सरत आला होता आणि येत्या गुरुवारी तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं ठरलं होतं. त्यासाठी भागवतची सात सीटांची गाडी सांगून ठेवली होती. भागवत गावातलाच, भाड्याची गाडी चालवणारा. आणि त्याच्या गाडीची मागची सीट दिवाळीत जब्बारभाईंनीच दिवाणासारखी करून दिली होती. आजवरचं सगळ्यात सफाईचं काम. वरून नखही जाणार नाही असं.

सोमवारी सकाळी ते भागवतकडं गेले. भागवत अंगणात गाडी धुवत होता.

“भागवत, ते मागची सीट...”

“चाचा, ते सीटचं तं नावच काढू नका!” भागवतनं पाईप बाजूला ठेवला. “परवा वाशिमचं एक गिऱ्हाईक म्हणे, हे कव्हर कुठं केलं? मी म्हटलं, डोणगावले एकच माणूस हाये. मदिहाताईले आणू ना गुरुवारी, झोपून येईन ती मागं. पलंगावर झोपल्यासारखी.”

जब्बारभाईंच्या शर्टाच्या खिशात ब्लेड होतं. ते नेहमीच असतं. त्यांनी खिशाला हात लावला आणि परत काढून घेतला. काय सांगायचं? दिवाळीत मी तुझ्या सीटला जे केलं ते चुकीचं केलं? मग हा विचारणार, बाकीच्यांचं काय? डोणगावात एक गोष्ट एकाला सांगितली की संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर पोचते. जब्बारभाईचं काम चुकलं, खुद जब्बारभाईच सांगत होता. छत्तीस वर्षांचं नाव, आणि एवढ्या एका वाक्यात जाणार.

“नाही, काही नाही,” ते म्हणाले. “बरी राह्यली का ते पाह्याले आलो.”

तोड मात्र घरबसल्या चालून आली. संध्याकाळी माणिकराव गाडी न्यायला आले. कव्हर का नाही झालं ते नागसेननं सांगितलंच होतं. गुरुवारचा विषय निघाला तसे म्हणाले, “भागवत कायले? माह्या गाडीत चाल. मी घरी माशा मारून राह्यलो. लेक माही नाही का?”

जब्बारभाईंचा जीव भांड्यात पडला. भागवतला त्यांनी फोनवर सांगितलं, “दादाले जालन्याले काम हाये, तं त्याइच्याच गाडीत जातो.” खोटंच. भागवतला राग नाही आला. लगीनसराई होती, त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळणारच होतं. मदिहा नीट येणार, आणि कोणाला काही सांगावंही लागणार नव्हतं. तरी त्या रात्री जेवताना त्यांच्या बायकोनं, चांदबीनं, विचारलंच, “क्या जी, खाना कायकू नहीं उतर रहा?”

गुरुवारी सकाळी तिघं निघाले. माणिकराव गाडी चालवायला, शेजारी जब्बारभाई, मागं चांदबी. गाडी हलली तशी समोरच्या काचेखालच्या पडद्यावर सीटांचं चित्र आलं. पुढचे दोन बांधलेले, मागचं एक मोकळं.

“वहिनी, पट्टा लावा. हे बाई चुगली करते मागच्याची,” माणिकराव म्हणाले.

“मेरेकू नक्को. मेरी साडी चुरगळती.”

“लाव गं,” जब्बारभाई वळून म्हणाले. चांदबीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि लावला. पडद्यावरचं चित्र भरलं.

मेहकर गेल्यावर माणिकराव गाडीच्या गोष्टी सांगू लागले. “एक बल्ब गेल्ता हिचा. नागपूरहून याले तीन आठवडे लागले. स्पीडब्रेकर आला की खालून घासते. पण एक सांगतो. मागच्या महिन्यात मेहकरच्या बाजारात पुढचा टेम्पो गपकन थांबला. माहा पाय ब्रेकवर जायच्या आधी हिनं सोताच ब्रेक मारला. टेम्पो हातभर दूर राह्यला. मले इतका राग आला जब्बार! एकोणतीस वर्षं एसटी हाकली मी. मले हे शिकवते?”

“मंग?”

“मंग काय. घरी आलो, चहा पेलो, अन् इचार केला. त्या दिवशी माह्या पायाले उशीर झाला होता. प्रमाणपत्रात काही लिहो. तिनं कोणाले सांगतलं नाही, म्हणून मीच नागसेनले सांगतलं.”

जब्बारभाई खिडकीबाहेर पाहत राहिले. कापणीला आलेला गहू दोन्ही बाजूंनी पिवळा पडला होता.

वाटेत दुसरबीडला चहासाठी थांबले. हॉटेलसमोर गाड्यांची रांग होती. सवयीनं जब्बारभाईंची नजर प्रत्येक गाडीच्या काचेतून आत जात होती. तिसऱ्या गाडीत हिरा दिसला, आणि मग गाडीच ओळखू आली. भागवतची होती.

“अरे चाचा! तुम्हीबी इथंच?” भागवत हातात कप घेऊन पुढं आला. “हे हिवरा आश्रम गावचे हिंमतराव. पोरीले जालन्याले सोडाले चालले, सासरी.”

हिंमतराव धोतर-टोपीतले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. “तुम्हीच का ते सीटवाले? वा! सोफा हाये हो सोफा. आमची प्रेरणा तं घरून निघाल्यापासून पाय वर घेऊन बसली.”

जब्बारभाईंनी आत पाहिलं. मदिहाच्याच वयाची मुलगी मागच्या सीटवर मांडी घालून बसली होती. मांडीवर वर्षाचं मूल झोपलेलं. भागवतच्या गाडीत, याच सीटवर, आज मदिहा बसणार होती. तिला त्यांनी तिथून उचलून दुसऱ्या गाडीत ठेवलं होतं, आणि तिच्या जागी दुसऱ्याची लेक येऊन बसली होती.

“पोरी, जरा उतर,” जब्बारभाई म्हणाले.

“काय झालं, चाचा?” भागवत हसतच होता. जब्बारभाईंनी खिशातून ब्लेड काढलं तेव्हा त्याचं हसू गेलं. “चाचा! येडे झाले काय? माह्या सीटले ब्लेड?”

“शिवण माही हाये, भागवत.”

“गाडी माही हाये! मोसमाचे दिवस हायेत, गिऱ्हाईक बसलेलं हाये!”

“आयक. या सीटखाली पट्टे हायेत. दिवाळीत मी गाडून टाकले. गाडी ठोकली तं हे पोरगी अन् तिचं लेकरू समोरच्या काचीतून बाहेर जाईन. मले रविवारपासून मालूम हाये. सोमवारी तुह्या अंगणात आलो होतो तेच सांगाले, पण हिंमत झाली नाही. माहं नाव खराब होईन म्हणून. माह्या पोरीसाठी दुसरी गाडी केली अन् तुले खोटं सांगतलं. आता बोल.”

हॉटेलसमोर दहा-बारा माणसं गोळा झाली होती. हिंमतराव पुढं आले. “अहो, पण आमी जनमभर असेच फिरलो. काही नाही झालं. पोरीले टोचीन ते.”

“टोचू द्या,” माणिकराव मागून म्हणाले. एसटीच्या ड्रायव्हरचा आवाज अजून शिल्लक होता. “मीबी जनमभर रस्त्यावरच होतो. होऊ द्या त्याचं काम.”

भागवत बाजूला हटला. जब्बारभाई गुडघ्यावर बसले. बसायचा भाग आणि पाठ जिथं मिळतात तिथं त्यांनी ब्लेड लावलं. स्वतःची शिवण कापायची त्यांना सवय नव्हती. तिनं वेळ घेतला. अब्बांच्या शिकवणीची शिवण होती, सहजी सुटणारी नव्हती. बोटभर चीर पडली तसा त्यांनी आत बोटं घातली आणि बक्कल ओढून काढलं. त्याच्यावर कारखान्याचं प्लास्टिक तसंच होतं. पाठीमागून पट्टा ओढला. तोही कोरा, घडी पडलेला.

प्रेरणानं मुलाला वडिलांकडं दिलं, सीटवर बसली आणि पट्टा लावला. खट् असा आवाज आला.

“टोचते का?” हिंमतरावांनी विचारलं.

“नाही टोचत,” ती म्हणाली. मग जब्बारभाईंकडं पाहून हळू आवाजात, “मी घरून निघताना शोधला होता, काका. वाटलं, या गाडीले नसंनच.”

जब्बारभाईंनी बक्कलावरून सोललेला प्लास्टिकचा तुकडा खिशात टाकला.

“लेकराले मांडीवर घेऊन पट्ट्याच्या आत नको बांधू,” एवढंच म्हणाले. ते नागसेननं सांगितलं होतं. “अन् भागवत, हळू ने. उद्या दुकानात ये. हे चीर अशी ठेवणार नाही मी.”

“चाचा, याचा एक पैसा दिला तं माहं नाव भागवत नाही,” भागवत फणकारला, आणि कव्हरातल्या चिरेकडं पाहून कळवळला. “कशी सीट होती राजेहो!”

जालन्याहून परतताना मदिहा मागं आईजवळ बसली. सकलैन निरोपाला उभा होता. जब्बारभाईंनी स्वतः खालचा पट्टा तिच्या पोटाच्या खालून घेतला, वरचा छातीच्या मधून. “अब्बा, हे कुठं शिकले?” तिनं विचारलं. ते म्हणाले, “नागसेनकडून. उशिरा शिकलो.”

भागवत दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. तोवर जब्बारभाईंनी रेग्झिनच्या कतरणींवर आठ-दहा नमुने करून पाहिले होते. चीर नुसती ठेवली तर ती पसरते, रेग्झिन फाटत जातं. पट्टी लावली तर बक्कल अडकतं. शेवटी त्यांनी लग्नातल्या आपल्या शेरवानीचं गुंडीचं काज पाहिलं. दोन्ही तोंडांना आडवे टाके, कडेनं बारीक गोट. तसंच काज त्यांनी रेग्झिनला केलं, बोटभर लांबीचं. बक्कल त्यातून वर येतं आणि कव्हर ताणलेलंच राहतं. भागवतच्या सीटवर तशी काजं बसली तेव्हा त्यानं चारही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, “चांगलं दिसून राह्यलं बे.” चाचांना ‘बे’ म्हटल्याचं त्याच्या नंतर ध्यानात आलं.

दुकानात आता एक पुठ्ठ्याची पाटी लटकते. ‘मागचे पट्टे वर काढून काज करून मिळेल. जुन्या गिऱ्हाइकांना मोफत. चूक आमची होती.’ शेवटचं वाक्य नको, असं चांदबी म्हणाली होती. बसस्टँडवर चार दिवस त्याचीच चर्चा झाली, टिंगलही झाली. काही गिऱ्हाइकं मेहकरला जाऊ लागली, तिथं अजून दिवाण करून मिळतो. खोटी चकती मागणाऱ्याला जब्बारभाई नाही म्हणतात, आणि दरवाज्याच्या बाजूला फुगा असलेल्या सीटच्या पाठीला हात लावत नाहीत. “ते शिवण फाटण्यासाठी असते,” ते सांगतात. अर्ध्या लोकांना खरं वाटत नाही. माणिकरावांच्या गाडीला त्यांनी फक्त खाली बसायच्या भागापुरतं सुती कापड करून दिलं. चारशेपैकी आजवर त्र्याहत्तर गाड्या परत आल्या. बाकीच्यांत हिरा दिसला की ते आता खुशीत पुढं जात नाहीत, तिथंच मालकाची वाट पाहत उभे राहतात.

जूनमध्ये मदिहाला मुलगी झाली. मेहकरच्या दवाखान्यातून घरी आणायच्या दिवशी माणिकराव पुण्याला गेले होते. भागवतचीच गाडी आली. नागसेननं पुण्याहून एक वस्तू पाठवली होती, त्याची मुलगी मयुरी लहान असताना वापरलेली बाळाची खुर्ची. ती मागच्या सीटवर उलटी बसते, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं.

“बच्ची को उलटा कायकू बिठाया?” चांदबी म्हणाली. “मुँह तो दिखना चाहिए ना!”

“लेकराची मान कच्ची असते. धक्का साऱ्या पाठीनं झेलला पाह्यजे. हेबी त्या थंडीच्या देशातल्या लोकांनीच आधी केलं,” जब्बारभाई म्हणाले.

खुर्ची गाडीच्या पट्ट्यानंच बांधायची होती. त्यांनी पट्टा खुर्चीमागून फिरवला, काजातून वर आलेलं बक्कल धरलं. पहिल्यांदा नीट बसलं नाही.

“चाचा, आवाज आला का?” भागवतनं किल्ली फिरवायच्या आधी विचारलं.

“थांब.”

त्यांनी परत दाबलं. खट्. गाडीतल्या सगळ्यांनी ऐकलं. चांदबी नातीच्या शेजारी बसली, आणि साडी चुरगळली तरी तिनं आपलाही पट्टा ओढून लावला.